पिकअपचे चौदा अस्सल भाग

प्रत्येक वस्तूला एक मूळ रूप असतं आणि अखेर ती त्याच रूपाकडे परतते, असं मोठमोठे विचारवंत सांगून गेले आहेत. त्यांच्यापैकी कुणीही चाळीस वर्षं जुन्या पिकअपचा डावा आरसा शोधायला बाहेर पडलं नव्हतं.

जावई बाहेर पडला होता. विमा कंपनीत अधिकारी असलेला हा गृहस्थ, इतर माणसं ज्या वयात गुडघ्यांकडे लक्ष द्यायला लागतात त्या वयात सासऱ्यांच्या गाडीच्या प्रेमात पडला. गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं उभी होती. सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, समारंभांना टेबल-खुर्च्या भाड्यानं द्यायचा धंदा होता आणि एकतीस वर्षं त्या खुर्च्या ह्याच गाडीनं वाहिल्या होत्या. बायको गेल्यावर अण्णा धंदा आवरून मुलीकडे राहायला आले, तेव्हा सोबत ही गाडी आणि एक लोखंडी ट्रंक आली. गाडी शेडमध्ये गेली, ट्रंक पलंगाखाली गेली, आणि त्यानंतर दोहोंबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

जावयाला जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या स्पर्धेतला ‘संपूर्ण अस्सल’ असं कोरलेला पितळी बिल्ला हवा होता. अटी दोनच होत्या. गाडीचा प्रत्येक भाग कंपनीचा असला पाहिजे, आणि गाडी स्वतःच्या इंजिनावर मैदानात आली पाहिजे. दुसरी अट त्यानं वाचली आणि सोडून दिली. गाडी म्हटल्यावर ती येणारच.

पहिल्याच रविवारी कंपनीचं छापील पुस्तक हातात धरून त्यानं गाडीला प्रदक्षिणा घातली आणि पुस्तकात नसलेल्या चौदा वस्तू शोधून काढल्या. गिअरच्या दांड्यावर दाराची पितळी मूठ होती. पेट्रोलच्या टाकीला दुधाच्या किटलीचं झाकण होतं. ॲक्सिलरेटरच्या जागी शिलाई मशीनच्या पायट्याचा कापलेला तुकडा होता. डावा आरसा न्हाव्याच्या दुकानातला होता आणि त्यात मागून येणारी सायकलसुद्धा ट्रकएवढी दिसायची.

“काय हवंय ते मला विचारा, जावईबापू,” शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलेले अण्णा म्हणाले.

“तुम्ही आराम करा हो अण्णा. सगळं पुस्तकात आहे.”

असं म्हणून त्यानं पितळी मूठ पिळून काढली आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात टाकली. डब्यावर खडूनं ‘भंगार’ असं लिहिलेलं होतं. अक्षर चांगलं होतं.

अण्णांनी त्या डब्याकडे पाहिलं. कुठलाही भाग मोडेपर्यंत थांबणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. कंपनीनं गाडी चांगली बनवली, पण घाईत बनवली, असं त्यांचं स्पष्ट मत होतं, आणि ती घाई त्यांनी एकतीस वर्षं सवडीनं दुरुस्त केली होती. त्या पायट्याच्या तुकड्याला योग्य बाक यायला दोन उन्हाळे गेले होते. आता हे सगळं डब्यातून भट्टीत जाणार होतं. माणसानं जन्मभर काय केलं असं कुणी विचारलं, तर अण्णांकडे दाखवायला ह्या चौदा वस्तू होत्या आणि एक मुलगी होती. मुलीनं तर स्वतःच हा जावई पसंत केलेला.

राहिला प्रश्न कंपनीच्या मूळ भागांचा. ते चौदाच्या चौदा तेलाच्या फडक्यात गुंडाळून पलंगाखालच्या ट्रंकेत पडून होते. कंपनीचा इंजिनिअर कधी आला तर त्याच्यापुढे ठेवायचे आणि त्याला दोन शब्द सुनवायचे, म्हणून अण्णांनी ते जपले होते. कंपनी तिसऱ्या वर्षीच बुडाली, त्यामुळे इंजिनिअर वाचला. इकडे जावई चार शहरांतल्या शौकिनांना पत्रं लिहून आरसा मागत होता, आणि आरसा त्याच्या डोक्यापासून एका भिंतीच्या अंतरावर झोपला होता. अण्णांनी सांगितलं असतं. पण विचारल्याशिवाय सांगणाऱ्यातले ते नव्हते, आणि आराम करायला तर त्यांना बजावूनच सांगितलेलं होतं.

मग एका सकाळी ते पिशवी घेऊन नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे गेले.

“ह्यात गिअरचं मूळ डोकं आहे,” अण्णा म्हणाले. “माझा जावई हे शोधत येईल. त्याला दे. पण बदल्यात जुनं घ्यायचं, दुसरं काही नाही. एकाला एक. आणि ते जुनं मला आणून द्यायचं.”

भंगारवाल्यानं ते डोकं हातात फिरवून पाहिलं. “म्हणजे तुमचंच तुम्हाला, त्याचंच त्याला. ह्यात माझं काय, अण्णा?”

“तुझी करमणूक.”

भंगारवाल्यानं विचार केला. दिवसभर पत्रा तोलणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ती फारशी नव्हती. “चालेल,” तो म्हणाला. “पण कुठून आलं म्हणून सांगू?”

“तुला सुचेल ते सांग.”

ही मात्र अण्णांची चूक झाली, कारण भंगारवाल्याला फार सुचायचं. गिअरचं डोकं एका निवृत्त कप्तानाच्या कपाटातून निघालं. टाकीचं झाकण आगीतून वाचलं. आरसा तर डोंगरापलीकडच्या एका विधवेनं नवऱ्याची आठवण म्हणून उशाशी ठेवला होता, आणि देताना ती बाई घळाघळा रडली. जावई हे सगळं जेवताना सांगायचा आणि वाढवून सांगायचा. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत विधवेला दोन लहान मुलं झाली होती.

“आणि भंगारवाला तरी किती भोळा असावा,” जावई म्हणाला. “असल्या सोन्यासारख्या वस्तू देतो आणि बदल्यात काय मागतो, तर आपला कचरा. न्हाव्याचा आरसा घेऊन हरखला बिचारा. मला तर लाज वाटली.”

“लाज कसली त्यात,” अण्णा भाताकडे बघत म्हणाले. “त्याला आवडला असेल.”

मुलीनं बापाकडे पाहिलं. ती रोज पलंगाखाली केर काढायची. जेवणं झाल्यावर ताटं उचलताना तिनं हळूच विचारलं, “अण्णा, ट्रंक हलकी होतेय की जड?”

“आहे तेवढीच आहे.”

“मला ह्यात ओढू नका म्हणजे झालं.”

“तुला कोण ओढतंय? तू फक्त त्या कोपऱ्यात झाडू नकोस.”

अडीच महिन्यांत तेरा अदलाबदली झाल्या. मधल्या काळात मिस्त्री येऊन इंजिन खोलून, धुऊन, बसवून गेला आणि गाडी फुरफुरायला लागली. मैदानात जायच्या आदल्या दिवशी सकाळी चौदावा आणि शेवटचा भाग बदलला, पेट्रोल खेचणारा पंप. अण्णांनी त्याच्या आतला पडदा आपल्या जुन्या बॅगेच्या चामड्याचा कापून बसवला होता. आता तिथे कंपनीचा झगझगीत पंप आला. गाडी शंभर टक्के अस्सल झाली. जावयानं किल्ली फिरवली, गाडी शेडमधून डौलात निघाली, फाटकाजवळच्या चढावर आली, एकदा खोकली आणि बंद पडली. मागे घेतली, पुन्हा आणली, पुन्हा त्याच जागी तेच. पाचव्यांदा बंद पडल्यावर त्यानं मिस्त्रीला फोन लावला.

“पंप कंपनीचा बसवलात ना?” मिस्त्री म्हणाला. “मग ती चढ नाही चढणार. नवी होती तेव्हाही चढत नव्हती.”

जावई तसाच घामाघूम भंगारवाल्याकडे धावला.

“सकाळी दिलेला जुना पंप परत हवाय.”

“गेला की हो साहेब. एक शौकीन आहेत, सगळा जुना माल तेच उचलतात.”

“मी स्वतः बोलतो त्यांच्याशी. पत्ता द्या.”

भंगारवाल्यानं पावतीच्या मागे पत्ता लिहून दिला. ह्या क्षणासाठी तो अडीच महिने थांबला होता, तरी त्याचा चेहरा हलला नाही. जावयानं पत्ता वाचला. “अरे, हे तर आमच्याच गल्लीत आहे,” तो आनंदानं म्हणाला आणि निघाला. घराचा आकडा त्याच्या डोक्यात शिरला तेव्हा तो स्वतःच्या फाटकाशी, बंद पडलेल्या गाडीला टेकून उभा होता.

अण्णांच्या खोलीचं दार उघडंच होतं. वर्तमानपत्र पसरून त्यावर चौदा वस्तू ओळीनं मांडल्या होत्या आणि अण्णा शेजारी चष्मा पुसत बसले होते. जावयानं उंबऱ्यातूनच त्या एकेक करून मोजल्या.

“ती विधवा,” तो म्हणाला.

“नाही.”

“आणि कप्तान?”

“तोही नाही. आग मात्र एकदा खरंच लागली होती, पण ती खुर्च्यांना.”

जावई खाली बसला. “अण्णा, पंप हवाय.”

“घ्या की. पण एकट्या पंपाचा उपयोग नाही. चौदाही बसवावे लागतील. एकमेकांच्या सवयीचे आहेत ते.”

हे धादांत खोटं होतं. पण अण्णांनी ते इतक्या शांतपणे सांगितलं की विमा कंपनीतला माणूससुद्धा फसला. की फसल्यासारखं दाखवलं, ते सांगता येणार नाही.

“निदान आरसा तरी कंपनीचा राहू द्या.”

“आरसाही.”

“अहो, तो न्हाव्याचा आहे.”

“म्हणून तर त्यात मागचा माणूस नीट दिसतो. तुमच्या त्या विधवेच्या आरशात कोपरापलीकडे काही दिसायचं नाही.”

जावयानं मनाशी हिशेब मांडला. अस्सल गाडी फाटकाबाहेर जात नव्हती. बाहेर जाणारी गाडी अस्सल नव्हती. त्यानं बाह्या सरसावल्या आणि पहिल्यांदाच विचारलं, “ह्यातला आधी कुठला बसवायचा?”

अण्णांनी घसा खाकरला. ह्या प्रश्नाची त्यांनी नऊ वर्षं वाट पाहिली होती, त्यामुळे उत्तर लांबलं. सूर्य मावळेपर्यंत त्यांनी पायट्याच्या बाकासकट सगळं सांगितलं, काही गोष्टी दोनदा सांगितल्या, आणि जावयानं मध्ये एकदाही पुस्तक उघडलं नाही.

सकाळी गाडी एका दमात चढ चढून मैदानात आली. अण्णा पुढच्या सीटवर, नव्या सदऱ्यात. परीक्षकांच्या हातात तेच छापील पुस्तक होतं. बाई होत्या, कडक होत्या. त्यांनी पितळी मुठीवर बोट ठेवलं.

“हे पुस्तकात नाही.”

“पुस्तक काढणारे तीन वर्षं टिकले,” अण्णा म्हणाले. “ही मूठ एकतीस वर्षं टिकली.”

बाईंनी काहीतरी लिहिलं. किटलीच्या झाकणाशी आल्यावर आणखी लिहिलं. आरशात स्वतःचा चेहरा परातीएवढा दिसल्यावर त्या जराशा मागे सरकल्या आणि कागद उलटून मागच्या बाजूला लिहू लागल्या. जावई अदबीनं शेजारी उभा राहून एकेका वस्तूचा इतिहास सांगत होता, आणि तो आता खरा असल्यामुळे वाढवून सांगायची त्याला गरज पडत नव्हती. थोडा वाढवलाच त्यानं. अण्णांनी तो दुरुस्त केला नाही.

निकाल चार वाजता लागला. त्या गटात ही एकच गाडी होती. तिला दुसरा क्रमांक मिळाला.