ताबिल्दीचा प्रोसेसर

बुरुलनं शर्यत लावली ती भावाची जिरवायलाच. तोंडानं मात्र गोड बोलली, "बाइके, बघू तरी, तुमचा थोरला पुढं जातो की माझा धाकटा!"

धाकटा म्हणजे तिचा रोजचा डेस्कटॉप. नारिन गावातल्या लग्नाकार्यांची रेकॉर्डिंगं साफसूफ करून ती पोट भरायची, ते त्याच्याच जिवावर. थोरला तिच्या मोठ्या भावानं, ताबिल्दीनं, मॉस्कोहून आणला होता; थोरला भाऊ म्हणून ती त्याला बाइके म्हणायची. तिकडं तो सर्व्हर ठेवायच्या मोठाल्या दालनांत यंत्रांची उचल-ठेव करायचा. जुना म्हणून काढलेला एक प्रोसेसर त्यानं साहेबाला विचारून घेतला, लोकरी मोज्यात गुंडाळून घरी आणला आणि बाजारातून बोर्ड मिळवून स्वतःच्या हातानं जोडून दिला. आत वीस कोअर, म्हणजे एकाच डबीत वीस कामकरी. नवी सून पाहिली की तिला काहीतरी द्यायचं, ही तिथली रीत. आई, म्हणजे त्यांची अपा, तिनं घरात नव्यानं आलेल्या त्या यंत्रालाही सुनेसारखा नवा रुमाल घातला होता.

वडिलांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांना ही दोघं आके म्हणायची. शनिवारी त्यांचा आश होता, म्हणजे वर्षश्राद्धाचं गावजेवण. घोडा कापायचा, गावोगावची माणसं जेवायला यायची आणि जेवणाआधी आकेंच्या गाथा खुद्द आकेंच्या आवाजात ऐकवायच्या, असं ठरलं होतं. आयुष्यभर त्यांनी वीरगाथाच सांगितल्या. त्यांच्या जुन्या कॅसेटी बुरुलनं यंत्रात उतरवून ठेवल्या होत्या; त्यांवरची खरखर त्याआत निघायला हवी होती.

ताबिल्दी मातीला पोचला नव्हता. त्याआधीचं सगळं दुखणं बुरुलनं एकटीनं काढलं होतं, आणि ते ती विसरली नव्हती.

तिनं दोन्ही यंत्रांना एकच कॅसेट दिली. धाकट्यानं ती झटक्यात साफ केली. थोरला अजून निम्म्यातच घुटमळत होता.

"झालं," बुरुल म्हणाली. "अंग एवढं, आवाज एवढा, आणि चाल ही!"

"एकच का लावलीस? सगळ्या लाव की एकदम," ताबिल्दी म्हणाला. "तिकडं याला एकेक काम कुणी देत नाही. हजार माणसांची कामं एका वेळी उरकतो हा."

"आके एक गाथा पुरी केल्याशिवाय दुसरीला हात घालायचे का? मधे कुणी कुजबुजलं तरी तोंड फिरवून बसायचे. आता त्यांच्याच बोलण्यात त्यांचंच बोलणं कालवू?"

आकेंचं नाव निघालं की त्या घरात वाद संपायचा. "मग ठेव काढून तो," एवढंच म्हणून ताबिल्दी अंगणात गेला.

बुरुलला वाटलं होतं, आता बरं वाटेल. तसं काही झालं नाही. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा अपा आशसाठी बोर्सोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळत होती.

"तुझा भाऊ उद्याच्या गाडीनं परत निघालाय," अपा कढईतून नजर न काढता म्हणाली. "आशला थांबून मी काय करू, म्हणतो. झालं मनासारखं?"

"मी काय केलं?"

"ते यंत्र गाथा ऐकतं का गं?"

"नाही. नुसती घाण काढतं."

"म्हणजे धुतंच ना! एक सदरा वाळेपर्यंत दुसरा भिजवायचा नाही, असं तुझे आके कधी म्हणाले होते? माझ्यापुढं त्यांचं नाव पुढं करू नकोस. तुला त्याला हरवायचं होतं, हरवलंस."

एकच काम असेल तर चपळ प्रोसेसर पुढं, कामांची झुंबड असेल तर वीस हातांचा पुढं, हे बुरुलला काय ठाऊक नव्हतं? धंदाच तिचा तो. ओझ्याच्या घोड्याला तिनं मुद्दाम शर्यतीत पळवलं होतं आणि वर दात काढले होते. तिला स्वतःचीच लाज वाटली.

ती अंगणात गेली. "बाइके, आत या. सगळ्या लावू."

मग थोरल्यावर वीस कॅसेटी एकदम चढल्या. धाकट्यालाही तिनं तेवढ्याच दिल्या; उगीच कुणी पक्षपात म्हणायला नको. धाकटा चारच हातांचा. चार घेऊन तो लगबगीनं निघाला, पण बाकीच्या दारात ताटकळत उभ्या. थोरल्याचे पंखे घोंघावायला लागले. त्याच्याकडं एकही कॅसेट पळत नव्हती, पण वीसच्या वीस चालत होत्या. थोरल्याचं सगळं आवरलं, तेव्हा धाकट्याच्या दारात अजून रांग होती.

"एकट्यादुकट्या कामाला माझाच बरा," बुरुल म्हणाली. "पण एवढं घरचं काम माझ्या धाकट्याच्यानं झालं नसतं, बाइके. आता शनिवारी सगळे आकेंना ऐकतील ते तुमच्यामुळं."

ताबिल्दीनं थोरल्यावर अपाचा रुमाल पुन्हा घातला. अपानं चहा आणून ठेवला. गावी आल्यापासून त्यानं आकेंच्या शेवटच्या दिवसांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बुरुलचा खरा राग त्यावरच होता.

"शेवटी शेवटी आके माझं नाव काढायचे का गं?" त्यानं विचारलं.

"सारखं," बुरुल म्हणाली. "पाणी पाजताना, कूस बदलताना. डोळ्यांना दिसत नव्हतं ना त्यांना. मलाच ताबिल्दी म्हणायचे."

"मग तू काय करायचीस?"

"ओ द्यायचे."