पार्किंगमधलं ग्रहण

लताबाईंनी उभ्या जन्मात ग्रहणं पाळली होती, पाहिलं मात्र एकही नव्हतं. वाईच्या घरी ग्रहण म्हणजे लावून घेतलेल्या खिडक्या, पाण्याच्या कळशीवर ठेवलेलं तुळशीपत्र आणि अंधुक खोलीत माळ ओढत बसलेल्या बायका. बाहेर आकाशात काय चाललंय ते पुरुषांनी काजळी धरलेल्या काचेतून बघायचं आणि आत येऊन सांगायचं. त्यांनाही ते धड सांगता येत नसे. "लागलं" म्हणत, नि बऱ्याच वेळानं "सुटलं". या दोन शब्दांच्या मधे काय होतं, ते लताबाईंना कुणी कधी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

ते त्यांना जर्मनीत दिसायचं होतं, तेही एका सुपरमार्केटच्या पार्किंगमधे.

साल दोन हजार सहा. त्यांचा मुलगा राजस गेर्लिंगेनच्या कंपनीत ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर. सून शिवांगी सातव्या महिन्यात. शिवांगीची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती, म्हणून बाळंतपण मी करणार असं लताबाईंनी फोनवरच सांगून टाकलं होतं. जन्मलेल्या जिवाला पहिली अंघोळ आपल्या हातानं घालायची, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी विमानाची भीती गिळली, गुळाच्या ढेपा आणि डिंक बॅगेत कोंबला आणि मार्चच्या थंडीत त्या येऊन दाखल झाल्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सासूसुना श्रीखंडाच्या तयारीला बाहेर पडल्या. इथे चक्का मिळत नाही, क्वार्क मिळतो. तो फडक्यात टांगला की चक्काच. अमावास्येला ग्रहण आहे हे लताबाईंना पक्कं ठाऊक होतं. वाईहून आणलेली दिनदर्शिका त्यांनी स्वयंपाकघरात टांगली होती आणि तिच्यात वेध, स्पर्श, मोक्ष सगळं छापलेलं होतं. ग्रहण चार वाजल्यानंतर. तोवर चारदा घरी येऊ, असा त्यांचा हिशेब. ती वेळ भारतातली आहे, आणि गेर्लिंगेनच्या घड्याळात तेव्हा जेमतेम जेवायची वेळ असते, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. शिवांगीच्याही नाही, ती तर ग्रहण विसरूनच गेली होती.

दुकानापुढे गाडी लावल्यावर शिवांगीनं काचेमागे निळी तबकडी ठेवली आणि तिचा काटा फिरवला. ही पार्कशाइबे, तिनं सांगितलं. आपण कधी आलो ते हिच्यावर लावायचं, आणि तासाभरात निघायचं. लताबाईंना ती पद्धत फार आवडली. कुणी विचारायला नाही, कुणी बघायला नाही, आपण आपली खरी वेळ लावून जायचं. केवढा विश्वास, त्या म्हणाल्या.

क्वार्क घेतला, वेलदोडे घेतले. सेलच्या टोपलीत एक स्टीलची चाळण दिसली. इथले लोक नूडल्स निथळायला घेतात; लताबाईंनी तिच्या गोल भोकांवरून बोट फिरवलं आणि चक्का घासायला झकास म्हणून उचलली. पैसे देताना कॅशवरची लाल केसांची बाई सारखी दाराकडे बघत होती. बाहेर आल्या तेव्हा उजेडाला काहीतरी झालं होतं. ढग नव्हता. ऊन होतं, पण पाणी घातलेल्या ताकासारखं पातळ. सावल्यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या झाल्या होत्या आणि वारा एकदम गार.

हे ग्रहणच, लताबाईंनी ओळखलं. त्यांनी सुनेला गाडीत बसवलं, दार लावलं आणि सांगितलं, आता सुटेपर्यंत हलायचं नाही. चिरायचं नाही, शिवायचं नाही, चालवायचं तर मुळीच नाही.

"आई, अहो, इथे तासाचंच पार्किंग आहे," शिवांगी हसत म्हणाली.

"पार्किंग त्यांचं असेल. पोट माझ्या नातवंडाचं आहे."

शिवांगीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण पाठ दुखत होती, सीट मागे करून पडायला बरं वाटत होतं, आणि आपल्यासाठी असं कुणी घाबरल्याला किती वर्षं झाली होती. ती पडून राहिली.

समोरच्या काचेतून ऊन थेट तिच्या पोटावर येत होतं. लताबाईंनी पदर धरला, तो पुरेना. हाताला लागली ती चाळण त्यांनी काचेशी आडवी धरली. आणि त्यांचा हात जिथल्या तिथे राहिला.

शिवांगीच्या पांढऱ्या कुडत्यावर, त्या गोल पोटावर, उजेडाच्या कोरी उमटल्या होत्या. चाळणीची भोकं गोल होती, त्यांनी मघाशीच बोटानं पाहिली होती. पण पडलेला उजेड गोल नव्हता. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, प्रत्येक भोकातून एकेक अर्धी चांदकोर, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. जणू कुणी चंद्रकळा नेसवावी तसं ते पोट कोरींनी भरून गेलं होतं.

ग्रहण पोराला लागलं, हा पहिला विचार. चाळण बाजूला ओढायला हवी होती. पण हात ऐकेना. आणि तेवढ्यात आतून पोर हललं. पोट एका अंगाला उचललं गेलं आणि त्याबरोबर सगळे अर्धे सूर्य हलले, लाटेवर पणत्या हलाव्यात तसे.

"आई, हे सूर्य आहेत," शिवांगी कुजबुजली. "प्रत्येक भोकातून अख्खा सूर्य येतो. आत्ता तो अर्धा आहे, म्हणून हे अर्धे."

"रोजच येतो?"

"रोजच. गोल असतो, म्हणून आपल्याला भोकच वाटतं."

लताबाईंनी हातातल्या चाळणीकडे पाहिलं. साठ वर्षं चाळण हातात होती, आणि साठ वर्षं सूर्य तिच्यातून उतरत होता. त्यांच्या ओठांवर आपोआप ओळ आली, दळणकांडण करणाऱ्या आईच्या चालीवर, पण शब्द त्यांचे स्वतःचे:

सूर्या सूर्या देवबाप्पा, अर्धा कुठं रे ठेवला
अर्धा माझ्या सुनेच्या गं, कुशीत निजवला

मग त्या चाळण घेऊन खाली उतरल्या. हे एकटीनं बघायचं नव्हतं. डांबरावर चाळण धरली, आणि काळ्या जमिनीवर कोरींचा सडा पडला. ट्रॉली ढकलणारे एक आजोबा थांबले. कॅशवरची लाल केसांची बाई ॲप्रनवरच बाहेर आली आणि तिनं आपले दोन्ही तळवे त्या उजेडाखाली धरले, प्रसाद घ्यावा तसे. पिवळं जाकीट घातलेला, गाड्यांच्या तबकड्या तपासत फिरणारा माणूसही आला. त्यानं टोपी काढली, बराच वेळ वाकून पाहिलं आणि "शोन" म्हणाला, म्हणजे सुंदर. मग टोपी घातली, शिवांगीच्या गाडीची तबकडी वाचली आणि वायपरखाली एक चिठ्ठी अडकवून पुढे गेला.

संध्याकाळी राजसनं ती चिठ्ठी पाहिली. तीस युरो. ही पोलिसांची नाही, तो म्हणाला, दुकानानं नेमलेल्या कुठल्यातरी खासगी कंपनीची आहे. ऑफिसातले सगळे असल्या चिठ्ठ्या फेकून देतात. त्यानंही फेकली. दुसऱ्या दिवशी गुढी बाल्कनीत उभी राहिली आणि श्रीखंड अप्रतिम झालं.

पत्रं एप्रिलमधे सुरू झाली. इथल्या पाकिटांना खिडकी असते, आणि त्या खिडकीतून आपलंच नाव आपल्याकडे बघत असतं. लताबाईंना त्याचं भय वाटे आणि नवलही. कुठल्या दूरच्या गावातल्या ऑफिसाला आपल्या मुलाचं नाव, घर, गाडी, कुठल्या दिवशी ती कुठे उभी होती, सगळं माहीत. पहिल्या पत्रात आकडा लहान होता. दुसऱ्यात वाढला. तिसरं पत्र वसुली करणाऱ्या इन्कासो कंपनीचं होतं, त्यात त्यांची फी, व्याज, चौकशीचा खर्च, आणि खाली काळ्या ठशात शूफाचं नाव. ग्रहणासारखंच हेही, लताबाईंच्या मनात आलं. आधी नुसती कडा, मग बघता बघता निम्मा.

शूफा म्हणजे या देशात प्रत्येकाची आर्थिक पत नोंदवून ठेवणारी संस्था, शिवांगीनं समजावलं. आणि राजस नेमका तेव्हाच मोठ्या घरासाठी अर्ज करत होता. घरमालकाला शूफाचा दाखला हवा होता. राजस पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. चिठ्ठी आपणच फेकली, हे त्याला आत कुठेतरी टोचत असणार. माणूस अशा वेळी दुसरीकडेच बोलतो.

"आई, तुझं ते ग्रहण अजून सुटलेलं दिसत नाही," तो म्हणाला. "आमच्या घरातच मुक्काम केलाय त्यानं."

तो थट्टेनं बोलला, निदान त्याला तसं वाटलं. लताबाईंनी भाकरी उलटली. त्या रात्री जेवल्या, भांडी आवरली, आणि सकाळी मुलाला शांतपणे म्हणाल्या, "माझं तिकीट अलीकडचं करता येतंय का बघ."

त्यांच्या मनात जे होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वेळ चुकली ती आपली. सुनेला उन्हात धरून ठेवलं ते आपण. नको ते पाहिलं, वर गाणं म्हटलं, लोकांना बोलावून दाखवलं. आता त्याची सावली पत्रांनी घरात येते आहे; उद्या पोरावर आली तर? आपण निघून गेलो तर ती आपल्यामागे निघून जाईल. पहिली अंघोळ दुसरं कुणीही घालेल. इथे नर्स असतात.

शिवांगीला तिकिटाचं कळलं तेव्हा ती आधी नवऱ्याशी भांडली आणि मग श्टुटगार्टच्या मीनलताईंना घरी बोलावलं. मीनलताई वीस वर्षं या देशात, असली पाकिटं कोळून प्यायलेल्या.

"आल्झो, पहिली गोष्ट, इन्कासो म्हणजे कोर्ट नव्हे," चहाचा कप खाली ठेवत त्या आपल्या जर्मन शब्द पेरलेल्या मराठीत म्हणाल्या. "कोर्टाचं पाकीट पिवळं असतं. ते आलं तर त्याच दिवशी मला फोन. ही नुसती दारावर थाप मारणारी माणसं. मूळचे तीस द्यायचे तर द्या. बाकीचं मान्य नाही असं लेखी कळवा, रजिस्टर्ड पोस्टानं. मान्य नाही म्हटलेलं त्यांना शूफाकडे घालता येत नाही. गेनाऊ, एवढंच. आणि राजस, चिठ्ठी फेकणाऱ्यानं आईला बोलू नये."

राजस मान खाली घालून हसला, आणि मग हसला नाही. शिवांगीनं त्याच दिवशी पत्र लिहिलं. पुढे इन्कासोवाल्यांचं आणखी एक पत्र आलं, आवाज बराच खाली आणून, आणि मग ते थांबलेच.

पण लताबाईंची बॅग माळ्यावरून खाली आली ती आलीच. कायद्यानं त्यांचं समाधान होणार नव्हतं. त्यांची धास्ती कायद्यातली नव्हती. शिवांगी एक दिवस त्या बॅगेकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आई, चला. चाळण घ्या बरोबर."

"कुठे?"

"चला तर."

तेच पार्किंग, तीच जागा. मे महिन्याचं ऊन गाडीत ओतलं जात होतं. शिवांगीनं तबकडी लताबाईंच्या हातात दिली. त्यांनी काटा फिरवला, दोनदा तपासला, आणि काचेमागे देवासमोर नैवेद्य ठेवावा तशी ती नीट ठेवली. शिवांगीनं सीट मागे घेतली. पोट आता केवढं मोठं झालं होतं.

"धरा," ती म्हणाली.

 लताबाईंनी चाळण वर नेली. कुडत्यावर उजेड उतरला.

गोल. सगळे गोल, भरलेले. पुनवेच्या चंद्रासारखे, हळदीच्या टिळ्यांसारखे, इतके की मोजू नयेत. कुठे कोर नाही, कुठे चट्टा नाही. लताबाईंनी चाळण जरा वर घेतली, सूर्य मोठे झाले. खाली आणली, लहान झाले. इतका मोठा देव, आणि इतक्या आज्ञेत. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यामुळे पुन्हा सगळे सूर्य एकमेकांत मिसळले.

"सुटलं गं," त्या म्हणाल्या.

"केव्हाच सुटलंय, आई. त्याच दिवशी, आपण इथे असतानाच. आणि तुम्ही गेलात तर याला पहिल्यांदा हातात कोण घेणार? मला येत नाही. मला कुणी शिकवलेलंच नाही."

लताबाईंनी चाळण मांडीवर ठेवली. काचेवर टकटक झाली. ती लाल केसांची बाई, हातात पावाचा तुकडा, जेवायच्या सुट्टीत. तिनं हवेत बोटानं एक अर्धवर्तुळ काढलं आणि भुवया उंचावल्या. लताबाईंनी मान हलवली आणि बोटानं पूर्ण वर्तुळ काढून दाखवलं. बाई हसली, पोटाकडे बघून तिनं अंगठा मुठीत दाबून दाखवला. इथली माणसं शुभ चिंतताना तसं करतात. मग ती गेली.

"ते तीस युरो," लताबाई एकदम म्हणाल्या, "मी देणार."

"आई, अहो, राजस भरेल ना."

"राजस नाही. ग्रहण सुटल्यावर दान करायचं असतं, ते त्या गडबडीत राहूनच गेलं. माझ्याजवळ आहेत. चॉकलेटं न्यायला ठेवले होते." त्या जरा थांबल्या. "चॉकलेटं काय, जूनमधेही मिळतील."

शिवांगीनं त्यांच्याकडे पाहिलं.  सीटवरून उठायला म्हणून तिनं दाराला हात घातला, तर लताबाईंनी तो हळूच खाली घेतला. त्यांनी काचेमागच्या तबकडीकडे वाकून पाहिलं, मग गाडीतल्या घड्याळाकडे.

"वेळ आहे अजून," त्या म्हणाल्या, आणि चाळण पुन्हा उन्हात धरली. "पड जरा. पोर हलेपर्यंत थांबू."