दोन कुलपांचे पिंप

मी एक जुने लाकडी पिंप आहे, मित्रांनो. पण माझ्यात कधी पीठ साठले नाही की सफरचंदे. माझ्यात नावे साठली. अमेरिकेतल्या मिसुरी नदीच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांमध्ये आमच्या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याहून लहान मुलखाचे, न्यायालय आहे. तिथे माझा सारा जन्म गेला. कोणावर खटला उभा राहिला की निवाडा करायला बारा शेजारी लागत. त्या बारा जणांच्या चिठ्ठ्या माझ्या पोटातून निघत.

न्यायालयाची इमारत उभी राहिली त्याच वर्षी एका स्वीडिश सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवले. आडव्या दांड्यावर मला बसवून फिरवायला मूठ लावली. मग त्याला सांगण्यात आले की झाकणाला कुलपे दोन हवीत.

"दोन? आत काय सोनं ठेवणार आहात?" त्याने विचारले.

"नाही," तेव्हाचे न्यायाधीश म्हणाले, "शेजारी ठेवणार आहोत."

एक किल्ली रिपब्लिकन पक्षाच्या माणसाकडे, दुसरी विरोधातल्या डेमोक्रॅट पक्षाच्या माणसाकडे, असा आमच्याकडचा नियम होता. दोघे आल्याशिवाय माझे झाकण उघडत नसे. ज्यांनी या देशाची घटना लिहिली, त्यांनी राज्य करायला देवमाणसे मिळतील असे धरले नव्हते. म्हणून कायदा करणारे वेगळे ठेवले, तो राबवणारे वेगळे, न्याय करणारे वेगळे. आणि ज्याला त्याला दुसऱ्यावर नजर ठेवायला सांगितले. राजधानीत त्यासाठी मोठमोठे घुमट उभारले आहेत. आमच्याकडे मी होतो.

माझ्या किल्ल्या बऱ्याच हातांतून गेल्या, पण मला आठवतात ते दोघे. आल्विन स्ट्रॉमबर्ग बियाण्याचे दुकान चालवी, तो रिपब्लिकन. ओटो हावलिक न्हावी, तो डेमोक्रॅट. दर शरदात दोघे माझ्या दोन बाजूंना बसत आणि आळीपाळीने चिठ्ठ्या टाकत, एक याच्या पक्षातल्या माणसाची, एक त्याच्या.

"तुझ्या चिठ्ठ्या जाड कागदाच्या दिसतात," ओटो म्हणे. "वर तरंगतील अशा."

"आमची माणसंच वजनदार आहेत, त्याला मी काय करू?"

"वजनदार? परवा तुझ्या त्या खजिनदाराची दाढी केली. गालावर वस्तरा टेकवला तर आत पोकळ आवाज."

बराच काळ माझ्यात बायकांची नावे नव्हती. 'आम्ही लोक' या शब्दांनी घटना सुरू होते, पण त्या शब्दांत कोण कोण बसते हे कळायला लोकांना फार उशीर लागला. पहिली बाई माझ्यात पडली ती आल्विनच्या हातून. "झालं," ओटो म्हणाला, "आता घरीही आम्हीच दोषी आणि कोर्टातही आम्हीच." पण पुढची चिठ्ठी त्याने स्वतःच्या बायकोचीच टाकली.

मग तो वसंत आला. डेल रुडी नावाच्या शेतमजुरावर एका बड्या शेतकऱ्याचे गवताचे कोठार जाळल्याचा आरोप होता. हिवाळाभर तो कोठडीत होता. जिल्ह्याचे न्यायाधीश काउंटी-काउंटीत फिरणारे. आमच्याकडे ते वर्षातून दोनदाच येत. या खेपेला बारा जणांची ज्युरी बसली नाही, तर डेलला मक्याची कापणी होईपर्यंत आतच राहावे लागणार होते. आणि न्यायाधीश यायच्या आदल्या आठवड्यात आल्विन गेला. दुकानात, बियाण्याच्या पोत्यावर बसल्या बसल्या गेला.

न्यायाधीश आले त्या सकाळी शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, माझ्यासमोर उभा राहिला. "एक छिन्नी द्या कोणीतरी. आत्ता उघडून देतो."

"तूच पकडलंस, तूच पिंप फोड," ओटो म्हणाला. "मग शिक्षाही तूच देऊन टाक. न्यायाधीशांचं पेट्रोल तरी वाचेल."

"ओटो, माझी बायको त्या पोराला हिवाळाभर जेवायला वाढतेय. त्याला आत ठेवायची मला हौस आहे असं वाटतं का तुला?"

तेवढ्यात आल्विनची मुलगी इंगा आली. ती गावातल्या शाळेत शिकवत असे. तिने वडिलांचा कोट घातला होता. बाह्या तिला लांब होत होत्या. तिने खिशातून किल्ली काढली तेव्हा सोबत मक्याचे दाणे निघाले. ते तिने पुन्हा खिशात ठेवले.

"किल्ली माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "आजचा दिवस बाबांच्या जागी मी फिरवते."

न्यायालयाच्या कारकून बाईंनी मतदारयादी उघडली, तिच्यात इंगाच्या नावापुढे लिहिलेला पक्ष वाचला आणि यादी तशीच मिटली. ओटोने घसा खाकरला.

"इंगा, बाळा, यादीत तू आमच्या पक्षात आहेस."

इंगाचा चेहरा उतरला. "बाबांना ठाऊक होतं?"

"मला सांगितलं त्यानंच. दाढीला बसला आणि म्हणाला, चला, तुमच्या पक्षालाही एक शहाणं माणूस मिळालं."

ती हसली, मग खिडकीकडे वळली. कारकून बाईंनी हळूच एक कोरा अर्ज पुढे सरकवला. पक्ष बदलायला एक सही पुरत होती. सही केली की माणूस रिपब्लिकन. काउंटीच्या मंडळाने नेमले की किल्ली तिची. डेलचा खटला उभा राहिला असता, आणि वडिलांचे कुलूप तिला एकदा स्वतःच्या हाताने उघडता आले असते. तिला ते किती हवे होते, हे किल्ली धरलेल्या तिच्या बोटांवरून मला दिसत होते.

"कर सही," ओटो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाला रिपब्लिकन व्हायला सांगत होता. "आज कोण विचारणार आहे तुला?"

"कोणी विचारत नाही, अशाच दिवसासाठी दोन कुलपं आहेत ना, काका?" इंगाने लेखणी खाली ठेवली. "मी मनातून तुमच्याकडचीच राहणार. मग दोन्ही किल्ल्या एकाच घरात आल्या. बाबांच्या जागी खरा त्यांच्याकडचा माणूस शोधा."

ओटोने टोपी घातली आणि ट्रक काढला. नेमणूक करायची तर काउंटी मंडळाची सभा हवी, आणि मंडळाचे सभासद पेरणीला गेलेले. शेतोशेत फिरून, ट्रॅक्टर थांबवून त्याने एकेकाला गोळा केले. रिपब्लिकन पक्षासाठी इतका राबलेला डेमोक्रॅट आमच्याकडे दुसरा झाला नसेल. दुपारी मंडळाने नाव ठरवले : अमंडसनबाई, पक्क्या रिपब्लिकन. आल्विनच्या बियाण्याला कीड असते, असे त्या एकदा चर्चमध्ये म्हणाल्या होत्या. तेव्हापासून आल्विन त्यांच्याशी बोलत नसे.

इंगाने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि ती कठड्यापलीकडे, लोकांत जाऊन उभी राहिली.

ओटोचे कुलूप उघडले. आल्विनचे उघडेना. अमंडसनबाईंनी किल्ली इकडे फिरवली, तिकडे फिरवली. शेरीफ पुढे झाला, पण न्यायाधीशांनी नुसते पाहिले आणि तो मागे सरला.

"झाकण डाव्या हातानं दाबा," कठड्यापलीकडून इंगा म्हणाली. "आणखी थोडं. हं, आता किल्ली जराशी बाहेर ओढून फिरवा. बाबा तसंच करायचे."

कुलूप उघडले.

अमंडसनबाई क्षणभर तशाच वाकून राहिल्या. "चांगला माणूस होता गं तुझा बाप," त्या म्हणाल्या. "बियाणं मात्र..."

"बाई, आधी चिठ्ठ्या," ओटो म्हणाला. इंगा हसली, आणि मग त्या लांब बाहीने तिने डोळे पुसले.

त्या दिवशी माझ्यातून बारा शेजारी निघाले. पुरावा ऐकून त्यांनी डेलला घरी पाठवले. त्यांनी उलट ठरवले असते, तरी ते त्यांनीच ठरवले असते, छिन्नीने नव्हे.

आता नावे यंत्र काढते. मी न्यायालयाच्या वरच्या मजल्यावर, मोडक्या खुर्च्यांजवळ असतो. एका फळीला भेग गेली आहे. शाळेतली मुले कधी येतात, मूठ फिरवतात, आत काहीच खुळखुळत नाही म्हणून हिरमुसतात. त्याचे मला दुःख नाही. चिठ्ठी यंत्राने काढली काय आणि पिंपाने काढली काय, नाव निघाले की माणसाने यावे, एवढेच मला वाटते.

मात्र एक विनवणी आहे, मित्रांनो. तुमच्याकडे कधी फार चांगला माणूस येईल. लोक म्हणतील, याच्यावर कशाला पहारा, दुसरे कुलूप काढून टाका. ते काढू नका. आल्विनपेक्षा चांगला माणूस मी पाहिला नाही, आणि त्यालाही माझे झाकण एकट्याने उघडता येत नव्हते.