वळच्या अळंब्यांची नोंदचिठ्ठी

मित्रांनो, भिवंडीच्या एका कॉलेजात काचेचं कपाट आहे. त्यातल्या वाळलेल्या अळंब्यांच्या पाकिटावर चिकटवलेली पिवळट नोंदचिठ्ठी म्हणजे मी. पाकिटातल्यांना तोंड नाही, म्हणून त्यांचं सगळं मीच सांगते. तेवढंच माझं काम, आणि तेवढाच माझा गुन्हा.

माझ्यावरचं अक्षर मनालीमॅडमचं. त्या इथे वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांची गुणाआत्या कोन गावात दिलेली. माहेरच्या, म्हणजे वळ गावातल्या जमिनीवरचा हक्क तिने भावांसाठी सोडला आणि बदल्यात एकच मागितलं, बांधावरच्या वारुळाची अळंबी तिची. दर श्रावणात ती यायची, हलक्या हाताने कोवळी अळंबी काढायची, उमललेली तशीच ठेवायची. अशी जागा इथली माणसं पोटच्या पोरांनाही सहजी दाखवत नाहीत. आत्याने भाचीला दाखवली.

मॅडमनी त्यातली थोडी आणून वाळवली आणि माझ्यावर नाव, तारीख, जागा लिहिली. जागेशिवाय नोंद कसली? ओढा, बांध, गोदामाची मागची भिंत, काही म्हणून सोडलं नाही. येणारेजाणारे माझं कौतुक करायचे. मीही भाव खायचे!

एका प्रदर्शनात कोणीतरी माझा फोटो काढून ग्रुपवर टाकला. पुढच्या श्रावणात लोक पहारी घेऊन बांधावर गेले. त्यांनी वारूळ मुळापासून खणून काढलं. त्यानंतर तिथे एक अळंबं उगवलेलं नाही.

कॉलेजातल्या कागदाने जागा फोडली, हे आत्याच्या कानावर गेलं. ती तडक इथे आली आणि माझ्यावरचं सगळं वाचून दाखवायला तिने भाचीला सांगितलं. मॅडम वाचू लागल्या, जागेपाशी अडखळल्या.

"तुला न विचारता लिहिलं मी, आत्या," त्या म्हणाल्या आणि ती ओळ खरवडायला त्यांनी ब्लेड घेतलं. खरवडाच, मला वाटलं, एकदाची सुटेन तरी.

आत्याने त्यांचा हात धरला.

"खोडू नको, बाय. माज्या वाट्याचं तिथं कायतरी होतं, येवढं तरी लिवलेलं र्‍हाऊ दे."

मित्रांनो, आता मला कोणी वाचू लागलं की मी ओशाळते. मला जपा, पण कोणी विश्वासाने काही दाखवलं, तर लिहिण्याआधी त्याला विचारा. यंदाच्या श्रावणात आत्या माहेरी आलीच नाही. यायला तिला निमित्त उरलेलं नाही.