शिकारी पाखरांची नखे सोसलेला हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. तोही एकट्या डाव्या हाताचा. पट्टी बांधायला आणि औषध पाजायला उजवा हात मोकळा लागतो, म्हणून माझा जोडीदार कधी शिवलाच गेला नाही. आता माझा अंगठा उसवला आहे, तळवा लाकडासारखा कडक झाला आहे, आणि खरे सांगायचे तर बोलायचाही शीण होतो. पण मनातले एकदा सांगून टाकलेले बरे.

मला एका खोगिरे शिवणाऱ्या म्हाताऱ्याने घडवले. त्याच्या मुलीला डोंगरावरच्या राखीव रानात रक्षकाची नोकरी लागली होती. त्या भागात सगळे तिला ताई म्हणत. म्हाताऱ्याने जाड चामडे दुहेरी घेतले, दोऱ्याला मेण लावले आणि मला तिच्या कोपरापर्यंत येईल एवढा लांब केला.

"जखमी पाखराला काय माहीत, तू त्याला वाचवायला आलीयेस," तो म्हणाला. "ते नखं मारणारच. राग धरू नकोस."

"बाबा, सासरी पाठवतानाही तुम्ही हेच सांगितलं होतं," ताई म्हणाली, आणि म्हातारा दोरा तोडता तोडता हसला.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. कुंपणाच्या तारेत अडकलेला ससाणा, पंख मोडलेले घुबड, कड्यावरून घसरलेली पिल्ले, सगळ्यांना मी हातावर घेतले. त्यांनी मला ओरबाडले, चोचींनी टोचले. ताईच्या मनगटावर मात्र कधी ओरखडा उठला नाही. शाळेतली मुले ताईची रानातली चौकी बघायला येत, तेव्हा प्रत्येकाला मला घालून बघायचे असे. मुलांचा हात कोपरापर्यंत आत जाई आणि माझी बोटे तरीही रिकामीच राहत. तेव्हा मला फार मान होता.

मग एका वर्षी पठारावर मेलेले पक्षी सापडू लागले. अंगावर जखम नाही, पंख शाबूत, फक्त नखांच्या मुठी घट्ट आवळलेल्या. आधी कावळे, मग एक घार. शेवटी एका सकाळी उतारावर गरुडाची मादी आडवी पडलेली दिसली. तिचे पिल्लू समोरच्या कड्यावरच्या घरट्यात होते. ताईने तिला माझ्यावर उचलून घेतले. एवढा मोठा पक्षी, पण त्याने माझ्यात एक नखसुद्धा रुतवले नाही. मला ओरबाडून घ्यायची सवय होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो.

मादी जिवंत होती. पशुवैद्याने तिचे पोट धुतले आणि पाण्यातून आलेला लोकरीचा पुंजका ताईपुढे धरला.

"मेलेल्या मेंढीत विष घालून ठेवलंय कुणीतरी," तो म्हणाला.

लोकरीला निळा रंग होता. पठारावर आपली मेंढरे निळ्या रंगाने खुणावणारा एकच मेंढपाळ होता. तो ताईचा धाकटा दीर.

ती मला कमरेला खोचून तशीच त्याच्या मेंढरांच्या वाड्यावर गेली. तो कोकराला दूध पाजत होता.

"ते गरुडासाठी नव्हतं, वहिनी," तो खाली बघत म्हणाला. "लांडग्यानं माझी कोकरं फाडली. मी काय नुसता बघत बसू?"

"विषाला लांडगा कोण नि गरुड कोण, हे कळतं का, भाऊजी?"

त्याने कोकराला बाजूला केले. मग हळूच म्हणाला, "घरातली गोष्ट घरातच राहू दे."

"आधी चला. अजून कुठं कुठं ठेवलंय ते दाखवा."

त्याने दाखवले. ताईने ते विषारी मांसाचे तुकडे माझ्याच हाताने उचलून पोत्यात भरले. दुसरा हातमोजा तिच्याजवळ नव्हता. दुसऱ्या दिवशी ती वनखात्याच्या साहेबांकडे गेली आणि दिराचे नाव सांगून आली. त्याच्यामागे कोर्टाच्या फेऱ्या लागल्या. त्या हंगामात पठारावर कळप न्यायला त्याला बंदी झाली.

सासूबाईंनी ताईशी बोलणे टाकले. नवरा एकदा चौकीत आला आणि दारातच उभा राहिला.

"तुझं चुकलं असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण आधी मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला अडवलं असतं."

"हो," तो म्हणाला, "अडवलं असतं." आणि तो खाली बसला.

पिल्लू वाचले नाही. एकटा नर शिकार आणणार किती, आणि पिल्लाला ऊब देणार कधी? मादी मात्र बरी झाली. ताईने तिला कड्याशी नेऊन सोडले तेव्हा ती माझ्यावर नव्हती. मला विष लागले होते ना. ताईने मला पुन्हा पुन्हा साबणाने धुतले, उन्हात वाळवले, आणि त्यातच माझे चामडे आखडले. आता नवा हातमोजा आला आहे. मी एका डब्यात, फळीवर सर्वांत वर असतो. मुलांना मी दुरूनच दाखवला जातो.

पुढे चौकीच्या माणसांनीच दिराला मेंढरांसाठी उंच, पक्के कुंपण घालून दिले. दोन दांडगे राखणीचे कुत्रे त्याने स्वतः आणले. तेव्हापासून लांडगा आत शिरलेला नाही. हे आधी झाले असते तर, असे ताई म्हणते. पण दीर तिच्याशी बोलतो ते कामापुरतेच.

मित्रांनो, मला तेल लावा, जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. माझे झाले. पण रानात मेलेले जनावर किंवा टाकलेले मांस दिसले तर त्याला हात लावू नका. मोठ्या माणसाला सांगा. ज्याची कोकरे गेली त्याचेही ऐकून घ्या, तो विषापर्यंत पोहोचायच्या आत. आणि विष ठेवणारा आपल्याच घरातला निघाला तरी सांगा. हे सोपे असते असे मी म्हणत नाही. ताई अजून घरी जायला निघते तेव्हा आधी थोडा वेळ पायरीवर बसून राहते. पण सकाळी ती सर्वांच्या आधी येते, चौकीचे दार उघडते, कड्याकडे एकवार बघते आणि चढण चढू लागते.