आजींनी फोडलेला संगणक

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि फुटका आहे हे तुम्हाला दिसतेच आहे. दुकानाच्या काचेमागे मला मुद्दाम मांडले आहे. माझ्यावर सर्वांत जास्त माया करणाऱ्या बाईनेच मला फोडले.

अकरा वर्षे मी एका नकाशे काढणाऱ्या गृहस्थांच्या टेबलावर राबलो. त्यांच्या बायकोची नजर अधू होती. काम संपले की ते माइक जवळ ओढून तिच्यासाठी पुस्तके वाचत, मध्येच थांबून पात्रांना झापत, आणि तो आवाज मी साठवून ठेवी. ते वारल्यावर त्यांची बायको, म्हणजे आजी, रोज दुपारी माझ्यासमोर बसून ऐकत. "गुणाचा आहे हो," असे म्हणत मला पुसत. मी फुलून जाई.

तेवढ्यात संगणक बनवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीला बाजारातला आपला वाटा वाढवायची घाई झाली. तिच्या विक्रीसाहेबाने योजना काढली. इतर कंपन्यांचा संगणक दुकानासमोर स्वतःच्या हाताने फोडा, नवा निम्म्या किमतीत न्या. तो नोकरांना शिकवी, "आपण फोडायचा नाही. गिऱ्हाईकाने फोडला, की ते पुन्हा तिकडे फिरकत नाही."

माझ्या पंख्याची धाप ऐकून लेकीने आजींना आणि मला तिथे नेले.

"ह्यांचा आवाज नव्यात येईल ना?" आजींनी विचारले.

"सगळं येतं, आजी. आधी फोटो!" साहेब म्हणाला.

हातोड्याचा पहिला घाव आजींनी हळूच घातला. साहेब ओरडला, "माशी नाही मारायची, जोरात हाणा!" लोक हसले. आजीही हसल्या आणि जोरात हाणले.

"आता आवाज घाला."

"फुटल्यावर कुठून येणार? आधी सांगायचं ना!"

दुकानातला मेकॅनिक मला उघडून पुटपुटला, "साहेब, डिस्क शाबूत आहे. पाच मिनिटांचं काम."

"एकीला दिलं की सगळे मागतील. मग जुनंच दुरुस्त करून वापरतील. गप्प बस, नाहीतर घरी बस."

मेकॅनिक बाहेर गेला. "गेलं सगळं, आजी."

"माझ्याच हातानं," आजी एवढेच म्हणाल्या.

सहा महिन्यांत कंपनीचा वाटा दुप्पट झाला, साहेबाला बढती मिळाली. माझ्यामागच्या मोठ्या फोटोत आजी हातोडा उगारून हसत आहेत. खऱ्या आजी या फुटपाथवरून जातात तेव्हा मान खाली घालतात.

यंत्रे जपा, असा उपदेश करायचे माझे तोंड राहिलेले नाही. एकच मागणे आहे. त्या आजी भेटल्या तर त्यांना सांगा, ते अजून माझ्यात वाचत आहेत. पण लवकर सांगा, मित्रांनो. सोमवारी ही काच रिकामी करणार आहेत.