चेंडू वर जात होता

"माणसानं आजवर जे जे वर फेकलं, ते ते खाली आलं. दगड, बाण, सरकारं. पण एकदा, फक्त एकदाच, एका माणसानं वर गेलेली वस्तू तिथल्या तिथं अडवली. तो क्षण म्हणजे मानवजातीच्या प्रगतीची हद्द!"

असं जाहीर करून मामांनी उजवा हात छताकडे उंचावला. हातात दाढीचा ब्रश होता. त्याचा फेस उडून मास्तरांच्या चष्म्यावर बसला आणि मानवजातीची प्रगती टॉवेल सापडेपर्यंत थांबली.

मामा म्हणजे आमच्या सलूनचे मालक. दुकानात दोन खुर्च्या, एक लांब बाक, आणि रस्ता ओलांडला की समोर बास्केटबॉलचा हॉल. तीस वर्षं मामा व्यावसायिक लीगचे सामने तिसऱ्या रांगेत बसून पाहत आले आहेत. उरलेल्या वेळात त्यावर वाद घालता यावा, म्हणून ते केस कापतात. वादाचा नियम एकच: खुर्चीत बसलेल्याने बोलायचं नाही. गळ्याशी वस्तरा असताना मतभेद बरा दिसत नाही, असं मामांचं म्हणणं. त्यामुळे बाकावरचा कोणी वरचढ ठरायला लागला की मामा प्रेमानं म्हणतात, "या, तुमचा नंबर आला." मास्तरांची दाढी अशी एका आठवड्यात चार वेळा झालेली आहे.

त्या महिन्यात वादाला जरा प्रतिष्ठा आली होती. लीगला पन्नास वर्षं झाली म्हणून हॉलच्या दारापाशी भिंतभर फोटो लागणार होता, आजवरच्या सर्वश्रेष्ठ ब्लॉकचा. ब्लॉक म्हणजे समोरच्यानं बास्केटकडे फेकलेला चेंडू हवेतच थापट मारून परत पाठवायचा. कुठला ब्लॉक श्रेष्ठ, ते लोकांनी चिठ्ठी टाकून ठरवायचं होतं, आणि मतपेटी मामांच्या दुकानात होती. ती मुळात बुटांची पेटी होती, पण मामा तिच्यासमोर चप्पल काढत.

"नगाऱ्याचा ब्लॉक," पोस्टमन म्हणाला. "त्याला तोड नाही. चेंडू उडाला तो थेट बँडवाल्यांच्या नगाऱ्यावर. बँडवाल्यांना वाटलं, जिंकलो! त्यांनी विजयाची धून सुरू केली. चार मिनिटं बाकी होती हो सामन्याची!"

"आणि हरले शेवटी," मामा म्हणाले.

"हरले, पण वाजतगाजत हरले."

मास्तरांनी फेसातून बोट वर केलं. त्यांना एकबुटी ब्लॉक म्हणायचं होतं. त्यात एका खेळाडूचा बूट निघाला असताना त्यानं मोज्यावर उडी मारून चेंडू अडवला होता. पण नियम तो नियम. मामांनी त्यांचं बोट खाली केलं आणि गालावर वस्तरा फिरवला.

तेवढ्यात दारातून शिडी आत आला. आत आला म्हणजे आधी वाकला, मग आत आला. शिडी वीज कंपनीच्या रेकॉर्ड विभागात कारकून होता. तिथली सगळ्यात वरच्या फळीवरची फाईल तो स्टूल न घेता काढायचा, आणि तेवीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी त्याच्याबद्दल चांगलं असं तेवढंच लिहिलं होतं. पण त्याआधी दोन मोसम तो लीगमध्ये खेळला होता. खेळला म्हणजे बहुतेक बसला होता. परगावच्या संघात, बाकाच्या टोकाला. आणि बाकावरून उठून तो जे एकदा खेळला, त्याबद्दल सलूनमध्ये बावीस वर्षांत कोणी त्याच्यासमोर चकार शब्द काढला नव्हता. तो आला की आम्ही हवामानाकडे वळायचो.

"उकडतंय नाही?" पोस्टमन लगेच म्हणाला.

शिडी बाकावर बसला. गुडघे हनुवटीशी आले. "छत्रीचा ब्लॉक विसरलात काय रे सगळे?" तो म्हणाला.

मामांचा वस्तरा थांबला. मास्तर श्वास रोखून बसले, अर्थात त्यांना दुसरा पर्यायही नव्हता.

छत्री हा आमच्या संघाचा खेळाडू. त्याच्या खालून काही निसटत नाही म्हणून छत्री. सव्वीस वर्षांपूर्वीचा अंतिम सामना, आपण एका गुणानं पुढे, तीन सेकंद उरलेली. समोरच्या संघाचे दोघे जखमी, म्हणून त्यांनी बाकाच्या टोकावरचा चौदा नंबरचा लांबलचक पोरगा आत पाठवला. चेंडू त्याच्याकडे आला, त्यानं फेकला, आणि छत्रीनं तो हवेत असा काही थोपवला की कप आमच्या गावात राहिला. तो चौदा नंबर म्हणजे शिडी. पुढे इथलीच मुलगी करून तो इथेच स्थायिक झाला, आणि आम्ही त्याला माफ केलं. खरं म्हणजे आभार मानायला हवे होते.

"तुझं मत कोणाला?" मामांनी चाचरत विचारलं.

"छत्रीलाच. त्याच्यासारखा ब्लॉक झाला नाही, होणार नाही."

"अरे, पण तो तुझाच..."

"म्हणून तर सांगतो. मी सगळ्यात जवळ होतो."

मग तो हळूच बोलला. खेळल्याचा एकही पुरावा त्याच्याकडे नव्हता. त्याचा संघ बंद पडला, कागदपत्रं रद्दीत गेली. घरी सांगितलं की सून म्हणते, "हो बाबा," आणि भाजी चिरायला लागते. बायको बिचारी सामन्याला कधी गेली नव्हती. ती म्हणते, खेळला असाल, मी कुठं नाही म्हणते. "त्या नाही न म्हणण्याचाच त्रास होतो रे," शिडी म्हणाला. "छत्रीच्या ब्लॉकचा जो फोटो आहे, त्यात मी आहे. पाठमोरा आहे, पण नंबर स्वच्छ दिसतो."

त्यानंतर पंधरा दिवस शिडीनं स्वतःच्या फजितीचा असा प्रचार केला की तसा कुठल्या उमेदवारानं स्वतःच्या कर्तबगारीचा केला नसेल. वीजबिलाची तक्रार घेऊन येणाऱ्याला तो म्हणायचा, "बघतो तुमचं. तोवर मामांच्या सलूनमध्ये एक चिठ्ठी टाकून या." मामांनी तर छत्रीला मत देणाऱ्याला मानेची मालीश सुरू केली. पोस्टमनसुद्धा फिरला. नगारा मागे पडला.

आणि मतदानाच्या शेवटच्या दिवशी पंच आले.

पंच म्हणजे त्याच अंतिम सामन्याचे पंच. आता ऐंशीच्या पुढचे. केस उरलेले नव्हते, पण महिन्यातून एकदा ते खुर्चीत येऊन बसत आणि मामा आदरानं हवेत कात्री चालवत. त्या दिवशी ते खुर्चीत बसले नाहीत. बाकावर बसले.

"मला बोलायचंय," ते म्हणाले. "छत्रीचा ब्लॉक भिंतीवर जातोय असं ऐकलं. जाऊ नये. माझी चूक झाली होती."

"कसली चूक?" मास्तरांनी विचारलं.

"चेंडू वर जात असेल तर अडवता येतो. एकदा का तो बास्केटकडे उतरायला लागला, की हात लावायचा नाही. लावला तर गोल झाला असं धरायचं, दोन गुण द्यायचे. त्या दिवशी चेंडू उतरत होता. मी पाहिलं, शिट्टी तोंडात घेतली, आणि फुंकली नाही. आठ हजार माणसं ओरडत होती हो. घाबरलो मी. उद्या समितीला पत्र देतो आणि मोकळा होतो."

पोस्टमननं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे दोन गुण... म्हणजे ते एका गुणानं... अरे शिडी! तू जिंकलास! कप तुझ्यामुळे आला असता!"

मामा दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. स्वतःच्या दुकानात त्यांना खुर्चीत बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सव्वीस वर्षं ज्या कपावर ते जगले, तो पंचांच्या खिशातल्या पत्रात निघून चालला होता. पण नियमाप्रमाणे त्यांना आता बोलता येईना.

सगळे शिडीकडे पाहायला लागले. त्याची मान खाली होती. उठला तेव्हा सवयीनं छताचा अंदाज घेतला आणि पंचांसमोर उकिडवा बसला, म्हणजे दोघांचे डोळे एका उंचीवर आले.

"पंचसाहेब, चेंडू वर जात होता."

"नाही रे बाबा. मी पाहिला."

"तुम्ही बाजूला होतात. फेकला कोणी? मी. माझ्या हातातून सुटला तो मलाच ठाऊक. वर जात होता. तुमची शिट्टी बरोबर होती."

"मी वाजवलीच नाही शिट्टी!"

"तेच म्हणतो. बरोबर वाजवली नाहीत."

पंचांनी खिशातून पत्र काढलं, घडीवर घडी घातली आणि परत ठेवलं. "सव्वीस वर्षं झोप नाही मला," ते म्हणाले. "आधी नाही का सांगायचंस?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

पंच खुर्चीत जाऊन बसले. डोळे मिटले. मामांनी हवेत कात्री चालवली, आणि दोन मिनिटांत म्हातारा घोरायला लागला.

घरी जाताना मी शिडीला गाठलं. "खरं सांग."

"चार बोटं तरी खाली आला होता," तो म्हणाला. "तेव्हाच पाहिलं मी. छत्रीलाही ठाऊक आहे. गेल्या वर्षी बाजारात भेटला, तर माझी पिशवी घरापर्यंत घेऊन आला, उगाचच."

"मग सोडलंस का? हीरो झाला असतास."

"कोणाचा? संघच उरला नाही. कप मिळाला असता तर ठेवायचा कुठं, आमच्या माळ्यावर? आणि पत्र गेलं असतं म्हणजे भिंतीवर नगारा लागला असता." तो एका फांदीखालून वाकून गेला. "मामांचं तोंड पाहिलंस ना?"

मतं मोजली तेव्हा छत्री एकशे बारा मतांनी जिंकला. रविवारी सकाळी फोटोवरचा पडदा सरला. फोटोत छत्रीचा भला थोरला तळवा, त्याला टेकलेला चेंडू, आणि खाली ताणलेली एक पाठ. तिच्यावर स्वच्छ चौदा. खालच्या पाटीवर नाव अर्थातच एकट्या छत्रीचं होतं. छत्री काठी टेकत आला, शिडीजवळ उभा राहिला आणि समोर पाहतच पुटपुटला, "उतरत होता ना रे?"

"वर जात होता."

"बरं," छत्री म्हणाला आणि त्यानं शिडीचं कोपर धरलं ते सोडलं नाही.

सूनबाईंनी फोटो पाहिला, सासऱ्यांच्या पाठीकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच "हो बाबा" म्हणाल्या नाहीत. मामा तर मुसमुसून रडत होते.

मग हॉलच्या मॅनेजरनं माइक पुढे केला. या ऐतिहासिक क्षणाच्या सर्वांत जवळच्या साक्षीदारानं, पराभूत असूनही खिलाडूवृत्तीनं आलेल्या या महान खेळाडूनं दोन शब्द बोलावेत. टाळ्या झाल्या. पंच पुढे सरकून बसले. शिडी माइकपर्यंत वाकला, घसा साफ केला, गर्दीच्या मागे टाचा उंचावून उभ्या असलेल्या बायकोकडे एकदा पाहिलं.

"फोटो जरा खाली लावता येईल का?" तो म्हणाला. "आमच्या हिला दिसत नाहीये."